मोजणारा कोण? सरकारी नोकरीतली ज्येष्ठता आणि कामगिरी

चौथ्या वेतन आयोगानंतर, म्हणजे १९८६ नंतर, केंद्र सरकारच्या कनिष्ठ लिपिकाची वेतनश्रेणी अशी लिहिली जायची: ९५०-२०-११५०-द.रो.-२५-१५००. सुरुवातीचा मूळ पगार ९५० रुपये, दर वर्षी २० रुपयांची वाढ, दहा वर्षांनी ११५० रुपये आणि तिथे 'द.रो.', म्हणजे दक्षतारोध. वेतनश्रेणीच्या मध्यावर बसवलेलं ते एक फाटक होतं. तिथवरची वेतनवाढ आपोआप मिळायची. पुढे जायचं असेल, तर हा माणूस नीट काम करतो असं वरिष्ठांनी लेखी द्यावं लागे. ते मिळालं की दर वर्षी २५ रुपये, थेट १५०० पर्यंत.

काम पाहून पगार द्यावा ही कल्पना खासगी कंपन्यांकडून अलीकडे आली, असं अनेकांना वाटतं. ती सरकारी वेतनश्रेणीतच दोन अक्षरांत लिहिलेली होती. प्रत्यक्षात काय झालं, हे त्या काळात नोकरी केलेल्या कुणालाही विचारावं. साहेबाशी बरं असलेल्याचा दक्षतारोध वेळेत पार व्हायचा, कामात तो कसाही असो. ज्याचं साहेबाशी पटत नसे, त्याची फाईल आस्थापना शाखेत पडून राहायची आणि दोन-तीन वर्षांनी थकबाकीसह सुटायची. पगार शेवटी सगळ्यांनाच मिळायचा, मनस्ताप मात्र मोजक्यांच्या वाट्याला यायचा. पाचव्या वेतन आयोगाच्या श्रेणी आल्या तेव्हा दक्षतारोध त्यांत नव्हता, आणि तो गेला म्हणून कुणी हळहळल्याचं ऐकिवात नाही.

या पुस्तकाचा सगळा विषय त्या दोन अक्षरांत आहे, म्हणून सुरुवात तिथून केली. सरकारी नोकराला पगार आणि बढती सेवेच्या वर्षांवर द्यावी की कामावर, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. तो असा विचारला की उत्तर सोपं वाटतं. कामावरच द्यावी, दुसरं कोण काय म्हणणार? माझ्या मते खरा प्रश्न एक पायरी अलीकडचा आहे. काम मोजणार कोण, आणि त्याचं मोजमाप चुकलं तर ज्याचं मोजलं त्याने दाद कुठे मागायची? याचं उत्तर आपल्याकडे तयार नव्हतं, म्हणून ज्येष्ठता टिकली. ते आजही पुरतं तयार नाही.

ज्येष्ठतेची बाजू आधी नीट समजून घेतली पाहिजे, कारण तिला आळशांचं कवच म्हणून हिणवण्याची पद्धत पडली आहे. महाराष्ट्रात सेवाज्येष्ठतेचे नियम १९८२ साली झाले. संवर्गाची १ जानेवारीची यादी आधी तात्पुरती प्रसिद्ध होते, हरकती मागवल्या जातात, मग ती अंतिम होते. कुणाचा रुजू दिनांक चुकला, कुणाची तदर्थ सेवा धरली गेली, कुणी विभागीय परीक्षा मुदतीत उत्तीर्ण झाला नाही, अशा एकेका नोंदीवरून माणसं मॅटपर्यंत, म्हणजे प्रशासकीय न्यायाधिकरणापर्यंत जातात. या भांडणांना कंटाळणारे बरेच आहेत. पण ही भांडणं होऊ शकतात, कारण ती यादी उघड असते आणि तिच्यातला प्रत्येक दिनांक तपासता येतो. साहेबाच्या मर्जीने हलत नाहीत अशी सरकारी कार्यालयात फार थोडी मापं असतात, रुजू दिनांक हे त्यांतलं एक आहे.

महाराष्ट्रात अनेक घरांमध्ये सरकारी नोकरी ही पहिल्या पिढीची पगारी नोकरी आहे. वस्तीतली, वाडीतली, पाड्यावरची मुलगी लिपिक म्हणून लागते तेव्हा तिच्या मागे कुणी ओळखीचं नसतं. तिचा अहवाल लिहिणारा अधिकारी आणि ती यांच्यात जातीचं, भाषेचं, स्त्री-पुरुषपणाचं अंतर असू शकतं. ते अंतर त्याच्या शेऱ्यात उतरणारच नाही, अशी हमी देणारा नियम अजून कुणी लिहिलेला नाही. ज्येष्ठता यादीत तिचा क्रमांक मात्र तिचाच असतो. पदोन्नतीतल्या आरक्षणाचा वाद कित्येक वर्षं न्यायालयांत फिरतो आहे आणि त्यात ज्येष्ठता यादीतल्या जागेवरून माणसं इतकी हळवी का होतात, हे यावरून समजावं.

आता मोजमापाकडे येतो. सरकारी नोकरीत ते होत नाही असं नाही, ते दर वर्षी होतं. ३१ मार्चला वर्ष संपतं, कर्मचारी स्वमूल्यांकन भरतो, प्रतिवेदन अधिकारी प्रतवारी लिहितो, पुनर्विलोकन अधिकारी ती कायम करतो किंवा बदलतो. याला पूर्वी गोपनीय अहवाल म्हणत, बोलताना सगळे अजूनही 'सीआर' म्हणतात. आता कार्यमूल्यमापन अहवाल हे नाव आहे आणि बऱ्याच संवर्गांचं काम महापार प्रणालीवर चालतं. अ+, अ, ब+, ब, ब- अशी अक्षरं असतात.

देव दत्त यांचा खटला या संदर्भात वाचण्यासारखा आहे आणि मी त्यावर जरा जास्त थांबणार आहे. ते सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेत कार्यकारी अभियंता होते. अधीक्षक अभियंतापदाच्या पदोन्नतीसाठी मागच्या पाचही वर्षांचे शेरे 'फार चांगले' असणं आवश्यक होतं. देव दत्त यांना चार वर्षांचे तसे होते, १९९३-९४ चा शेरा मात्र फक्त 'चांगला' होता. पदोन्नती समितीने त्यांना वगळलं, त्यांच्याहून कनिष्ठ असलेले पुढे गेले. तो शेरा त्यांना कधी कळवलेलाच नव्हता, कारण नियमाप्रमाणे फक्त प्रतिकूल शेरे कळवायचे असत आणि 'चांगला' हा शेरा कागदोपत्री प्रतिकूल नव्हता. उच्च न्यायालयात ते हरले. सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २००८ ला निकाल दिला तेव्हा ते निवृत्त झालेले होते. न्यायालयाने म्हटलं की शेरा कोणताही असो, तो कळवलाच पाहिजे, त्यावर म्हणणं मांडायची संधी दिलीच पाहिजे. तसं न करणं मनमानी आहे आणि संविधानाच्या चौदाव्या अनुच्छेदाचा भंग आहे. २०१३ साली सुखदेव सिंह खटल्यात तीन न्यायाधीशांच्या पीठाने हीच भूमिका कायम केली.

स्वातंत्र्यानंतर साठ वर्षं आपण माणसांचं काम मोजत होतो आणि मोजमापाचा आकडा त्या माणसाला सांगत नव्हतो. कामगिरीवर पगार द्या म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये. या व्यवस्थेत गुणवत्तेचं नाव घेतलं की कर्मचारी बिथरतात. त्यांना कामाची भीती वाटते असं मला वाटत नाही. त्यांना न दिसणाऱ्या शेऱ्याची भीती वाटते, आणि ती अनुभवातून आलेली आहे.

शेरे उघड झाल्यावर दुसरी अडचण समोर आली. कळवायचं म्हटल्यावर अधिकारी कमी प्रतवारी लिहायलाच तयार होईनात. ब+ दिला तर तो माणूस समोर येऊन बसणार, अर्ज करणार, उद्या माहितीच्या अधिकारात कागद मागणार. त्यापेक्षा सरसकट अ लिहून मोकळं होणं सोपं. सातव्या वेतन आयोगाने आश्वासित प्रगतीसाठीची, म्हणजे पदोन्नती न मिळालेल्यांना ठरावीक वर्षांनी मिळणाऱ्या वरच्या वेतनासाठीची, पात्रता 'चांगला'वरून 'फार चांगला' केली, आणि पहिल्या वीस वर्षांत ती किंवा नियमित पदोन्नतीची पात्रता गाठता आली नाही तर वार्षिक वेतनवाढ रोखावी असं सुचवलं. केंद्राने २०१६ मध्ये हे स्वीकारलं. पण मापाची रेघ वर नेली की मोजणारा हातही तितकाच वर जातो. अहवाल लिहिणाऱ्यालाही त्याच कार्यालयात, त्याच माणसांकडून उद्या काम करून घ्यायचं असतं.

वेतन आयोगांनी कामगिरीचा विषय टाळला, असंही म्हणता येणार नाही. चौथ्या आयोगाने चांगल्या कामाला वेगळ्या दराने वेतनवाढ द्यावी असं सुचवलं होतं. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण हे मुंबई उच्च न्यायालयातले आपल्या परिचयाचे न्यायाधीश. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या सहाव्या आयोगाने मार्च २००८ मध्ये अहवाल दिला. त्यात कामगिरीशी जोडलेल्या प्रोत्साहन रकमेची योजना होती, आणि तिसऱ्या वेतनपट्ट्यातल्या अधिकाऱ्यांसाठी आणखी एक सूचना होती: सगळ्यांना वर्षाला अडीच टक्के वाढ, उत्तम काम करणाऱ्या वीस टक्क्यांपर्यंतच्या लोकांना साडेतीन. हिशेब करून पाहू. त्या पट्ट्यातला नवा अधिकारी १५,६०० अधिक ५,४०० ग्रेड पे, असे २१,००० रुपये मूळ वेतन घेणार. त्याची साधी वाढ ५२५ रुपये, उत्तम कामाची ७३५. फरक महिन्याला २१० रुपयांचा. त्या २१० रुपयांसाठी दर वर्षी पाचांपैकी एकाला वेगळं काढायचं आणि चौघांना सांगायचं की तुम्ही त्यात नाही. एवढ्या पैशाने कुणाचं काम सुधारलं नसतं, कार्यालयातलं वातावरण मात्र नक्की बिघडलं असतं. शेवटी सरसकट तीन टक्क्यांवरच गाडी थांबली.

तीन टक्के म्हणजे किती, याचाही अंदाज असावा. चक्रवाढीने मूळ वेतन चोवीस वर्षांत दुप्पट होतं. शिपायाचंही होतं, अधिकाऱ्याचंही. मंत्रालयात बसणाऱ्याचं होतं आणि भामरागडला पावसाळ्यात संपर्क तुटलेल्या गावात जाणाऱ्याचंही होतं. कामचुकाराचंही होतं. हा शेवटचा मुद्दा जनतेला खुपतो आणि तो खुपणं रास्त आहे. सातबाऱ्यावरची चूक दुरुस्त करायला तहसीलच्या चकरा मारणाऱ्या शेतकऱ्याला ज्येष्ठतेचं तत्त्वज्ञान ऐकवण्यात अर्थ नाही. त्याहून अधिक तो खुपतो शेजारच्या टेबलावर मान मोडून काम करणाऱ्याला. आपण केलं काय, न केलं काय, १ जुलैला दोघांची वेतनवाढ सारखीच, हे त्याला दिसत असतं. त्याच्या मनात साचणारी कडवट निराशा हा ज्येष्ठतेच्या पद्धतीचा सर्वात मोठा तोटा आहे, असं मी मानतो. कर्मचारी संघटना या माणसाबद्दल आजवर फार थोडं बोलल्या आहेत. १९७७-७८ च्या चोपन्न दिवसांच्या संपापासून २०२३ च्या जुन्या पेन्शनच्या संपापर्यंत त्यांनी मोठ्या लढाया दिल्या, महागाई भत्ता आणि पेन्शनसाठी सगळ्यांना एकत्र उभं केलं. एकजुटीला समान मागणी लागते, हे खरं. तरीही संघटनेच्या सभेत प्रामाणिक कामाच्या न्यायाचा प्रश्न उपरा राहावा, हे बरं नाही.

महाराष्ट्रात अत्युत्कृष्ट कामासाठी आगाऊ वेतनवाढ देण्याची पद्धत होती. सहाव्या वेतन आयोगानंतर ती बंद पडली आणि अडकलेल्या वेतनवाढींसाठी कर्मचारी उच्च न्यायालयापर्यंत गेले. रेल्वेत दसऱ्याच्या तोंडावर मिळणाऱ्या बोनसचं नाव उत्पादकतेशी निगडित बोनस असं आहे. कित्येक वर्षं तो ७८ दिवसांचा, कमाल १७,९५१ रुपयांचा, रुळावरच्या ट्रॅकमनलाही आणि कार्यालयातल्या लिपिकालाही तेवढाच मिळत आला. त्याला माझा आक्षेप नाही. फक्त त्याला कामगिरीवरचं वेतन समजू नये.

जगात इतरत्र काय दिसलं? अमेरिकेने १९७८ च्या कायद्याने संघराज्याच्या मधल्या फळीतल्या अधिकाऱ्यांना गुणवत्तेवर वेतन लागू केलं, १९८४ मध्ये पद्धत बदलली, १९९३ मध्ये ती गुंडाळली. ब्रिटनच्या प्राप्तिकर खात्यातल्या अशाच योजनेचा अभ्यास डेव्हिड मार्सडन आणि रे रिचर्डसन यांनी केला. कर्मचाऱ्यांपैकी बहुतेकांना तत्त्व मान्य होतं, पण आपलं काम त्याने सुधारलं असं फार थोड्यांनी सांगितलं. हेवेदावे वाढले असं म्हणणारे पुष्कळ निघाले.

याच्या उलट पुरावा आपल्या शेजारच्या राज्यातला आहे आणि तो ठोस आहे. २००५ पासून तेव्हाच्या अखंड आंध्र प्रदेशातल्या ग्रामीण सरकारी शाळांमध्ये कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी एक मोठा प्रयोग केला. काही शाळांत मुलांचे सरासरी गुण वाढले की शिक्षकाला बोनस मिळायचा: पाच टक्क्यांवरच्या प्रत्येक टक्क्याला ५०० रुपये. ही रक्कम सरासरीने वार्षिक पगाराच्या तीन टक्क्यांच्या आसपास होती. दोन वर्षांनी त्या शाळांतली मुलं गणितात आणि भाषेत इतर शाळांच्या स्पष्ट पुढे होती. ज्या विषयांवर बोनस नव्हता त्या विज्ञान आणि समाजशास्त्रातही ती पुढे होती. शिक्षकांची गैरहजेरी मात्र कमी झाली नाही. जे शाळेत येत होते ते अधिक शिकवू लागले, गृहपाठ देऊ लागले, जादा तास आणि सराव परीक्षा घेऊ लागले.

तर मग हे इथे का जमलं? बोनस थोडा होता, शिक्षक तेच होते. माझ्या मते कारण मोजण्याच्या पद्धतीत आहे. परीक्षा बाहेरच्या माणसांनी घेतली, मुख्याध्यापकाने किंवा केंद्रप्रमुखाने नाही. मोजायचं काय हे आधीच सांगितलेलं होतं. मूल आधी कुठे होतं आणि नंतर कुठे पोचलं, ही वाढ पाहिली गेली, त्यामुळे गरीब वस्तीतल्या शाळेलाही संधी होती. आणि बोनससाठी कुणाचाही पगार कापला गेला नाही.

पण सरकारातलं किती काम असं मोजता येतं? तलाठ्याचं पाहा, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. त्यांच्या कामातला सर्वात मोजण्याजोगा भाग म्हणजे फेरफार. नोंद धरायची, हितसंबंधितांना नोटीस द्यायची, पंधरा दिवस हरकतीची वाट पाहायची, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करणार. हरकत आली की ती विवादग्रस्त नोंदवहीत जाते, सुनावणी लागते, वेळ जातो. आता निकाली काढलेल्या फेरफारांवर पैसे ठेवले तर काय होईल? खरेदीखताच्या सोप्या नोंदी भराभर होतील. बहिणीचं नाव वारस म्हणून लावायचं आहे आणि भाऊ हरकत घेतोय, ती नोंद मागे पडेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे नोटीस नीट पोचलीच नाही अशा अवस्थेत घाईने प्रमाणित होईल. आकडा उत्तम दिसेल, बहिणीचा हक्क जाईल.

पाकिस्तानी पंजाबात मालमत्ता कराच्या निरीक्षकांवर असा प्रयोग झाला. वाढीव वसुलीतला ठरावीक हिस्सा निरीक्षकांच्या चमूला द्यायचा. वसुली खरोखर वेगाने वाढली, सरकारला फायदा झाला. पण ज्यांची फेरआकारणी झाली नाही अशा करदात्यांकडे लाचेचा दर वाढलेला आढळला. निरीक्षकाला आता खरी आकारणी करूनही पैसे मिळत होते, मग ती न करण्याची किंमत त्याने वाढवली. जिथे खुर्चीला अधिकार आहे तिथे बक्षीस लावताना हा धडा पुढ्यात असलाच पाहिजे.

त्याच पंजाबात नंतर दुसरा प्रयोग झाला, तो मला आपल्यासाठी अधिक मोलाचा वाटतो. निरीक्षकांना पैसे दिले नाहीत. ज्याची वसुली चांगली, त्याला पुढच्या बदलीचं ठिकाण आधी निवडू दिलं. त्यानेही वसुली वाढली. आपल्याकडे बदलीच्या मोसमात कोणत्याही जिल्ह्याच्या ठिकाणी थोडं फिरलं तरी कळेल की सरकारी माणसाला तीन टक्क्यांहून बदली किती महत्त्वाची वाटते. मुलीची दहावी, आईवडिलांचं दुखणं, नवरा एका तालुक्यात आणि बायको दुसऱ्या. २००५ च्या बदल्यांच्या कायद्याने तीन वर्षांचा सर्वसाधारण कालावधी घालून दिला, तरी वाट ओळखीच्या दारातून जाते अशी समजूत गेलेली नाही. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या संगणकावर गेल्या तेव्हा तक्रारी भरपूर झाल्या, पण निकष छापलेले होते आणि आपला क्रम का आला हे विचारता येत होतं. अवघड क्षेत्रात नेटाने काढलेली वर्षं आणि उघड निकषांवर तपासलेलं काम यांच्या जोरावर माणसाला पुढची जागा निवडता आली, तर सरकारला जादा एक रुपयाही लागणार नाही. कामाचं मोल देण्याची हीच पहिली पायरी असावी, असं माझं ठाम मत आहे.

शेवटी एक विसंगती मांडतो, जिने मला हा विषय सोडू दिला नाही. मुळात कामगिरीवर मोबदला घेणारं एक मोठं मनुष्यबळ सरकारकडे आहे. त्या आशा स्वयंसेविका, २००५ पासून. महाराष्ट्रात सरकारने त्यांना काही ठरावीक रक्कम दिली आहे, पण कामाची मूळ रचना एकेका कामाच्या दराची आहे. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाऊन पाहायचं, वजन करायचं, ताप-श्वास बघायचा, आईला दूध पाजण्याबद्दल सांगायचं. सहाही भेटी पूर्ण झाल्या आणि फॉर्म भरला की २५० रुपये. या गृहभेटींच्या पद्धतीचं मूळ गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'च्या कामात आहे, आणि तिने बालमृत्यू कमी झाले हे सिद्ध आहे. म्हणजे काम अमूल्य आहे आणि मोजताही येतं. पण ज्या बाईला हा दर लागू आहे तिला वेतनश्रेणी नाही, वेतनवाढ नाही, ज्येष्ठता यादी नाही, निवृत्तिवेतन नाही. पाचवी भेट झाली आणि आई बाळाला घेऊन माहेरी गेली, तर ते पैसे कसे मिळायचे हे तिने विचारत फिरायचं. अकरा महिन्यांच्या आदेशांवर वर्षानुवर्षं काम करणारे कंत्राटी तंत्रज्ञ, डेटा ऑपरेटर, परिचारिका यांचीही गत जवळपास तशीच.

कामगिरीवरचं वेतन आपल्याकडे आलं आहे. ते खालून आलं, जिथे नकार देण्याची ताकद कमी आणि मोजणाऱ्याला प्रश्न विचारायची सोय नाही. वरच्या पायऱ्यांवर, जिथे अधिकार मोठा आहे, पगार मोठा आहे आणि एका माणसाच्या निर्णयाने जिल्ह्याचं बरंवाईट होतं, तिथे तीन टक्के अबाधित आहेत. हा क्रम उलटा असायला हवा. आशाताईला आधी श्रेणी, रजा आणि ज्येष्ठता मिळावी, मग हवं तर वर बक्षीस. आणि कामाचा हिशेब मागायला सुरुवात विभागप्रमुखांपासून व्हावी, तोही त्यांच्या हाताखालच्यांनी आणि नागरिकांनी दिलेल्या मतांसह.

न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखालचा आठवा वेतन आयोग आता कामाला लागला आहे. केंद्राचा निर्णय झाला की राज्यातही समिती बसेल, जशी सातव्या वेळी के. पी. बक्षी यांची बसली होती. संघटनांच्या निवेदनांत किमान वेतन किती आणि गुणक किती यावर पानंच्या पानं असतील, ती असायलाच हवीत. त्यांत तीन मागण्या आणखी जाव्यात अशी माझी विनंती आहे. अहवाल लिहिणाऱ्याने प्रत्येक प्रतवारीमागे कामाचं किमान एक तपासता येणारं उदाहरण द्यावं. हरकतीचा निकाल त्याच खात्याबाहेरच्या माणसाने ठरावीक मुदतीत द्यावा. आणि बक्षीस द्यायचंच तर ते एकट्याला देण्याआधी संपूर्ण कार्यालयाला, शाळेला, आरोग्य केंद्राला द्यावं, त्यात कंत्राटी माणसं आणि आशा धरून. पुढच्या पानांत या तिन्हींच्या बाजूने आणि विरोधात बरंच आहे. विरोधातलं आधी वाचावं.